रेचा बाप कोण?

रे कोणाची? तिचा बाप कोण, आजा कोण, रक्त कोणाचं? २०१५ सालापासनं चार वर्षं जगभरची पोरं या प्रश्नावर डोकी फोडून घेत होती. त्यात आपलीही होती, अजूनही आहेत, म्हणून हे लिहितोय. साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत आपले कार्यकर्ते दिवसा शिष्यवृत्तीच्या अर्जापायी समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतात, जयंतीची वर्गणी गोळा करतात, आणि रात्री मोबाईल छातीवर उभा करून 'स्टार वॉर्स' बघतात. बघा की. सिनेमा बघू नका म्हणणाऱ्यातला मी नव्हे. मी नऊच्या नऊ बघितलेत, काही दोनदा. माझं भांडण तुमच्या बघण्याशी नाही. बघून झाल्यावर तुम्ही जे विचारता त्याच्याशी आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी पुढं उडी मारावी. १९७७ साली जॉर्ज लुकास या अमेरिकन माणसानं पहिला 'स्टार वॉर्स' काढला. अंतराळातलं एक साम्राज्य, त्याच्याविरुद्ध बंड करणारे लोक, आणि 'फोर्स' नावाची एक शक्ती. ही शक्ती सगळ्या सजीवांना वेढून असते, ज्याला ती उमगते तो जेडाय होतो. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात कळतं की नायक ल्यूकचा बाप म्हणजे खुद्द खलनायक डार्थ वेडर. १९८३ ला कळतं की राजकन्या लेया त्याची बहीण. म्हणजे एवढ्या मोठ्या आकाशगंगेत काय घडायचं ते एकाच घरात घडतं. आपल्याकडं जिल्हा परिषदेत घडतं तसं.

मग १९९९ चा चित्रपट. त्यात अनाकिन नावाचा गुलाम पोरगा आहे. त्याच्या रक्ताचा थेंब काढून तपासतात आणि सांगतात की याच्या पेशींत मिडिक्लोरियन नावाचे जे सूक्ष्म जीव आहेत त्यांची संख्या वीस हजारांच्या वर. म्हणजे हा थोर होणार. झालं! जी शक्ती सगळ्यांना वेढून होती ती आता रक्तात मोजायला लागली. साधना गेली, गुरू गेला, कष्ट गेले, राहिला तो रक्ताचा रिपोर्ट. हे ऐकून आपल्यातल्या एकालाही काही आठवू नये? जन्मानं गुण ठरतो हे आपल्याला कुणी आणि किती वर्षं शिकवलं?

आता रे. (नाव बघा, 'का रे', 'ये रे' मधला रे. आपल्या म्हाताऱ्यांना उभं आयुष्य हाक मारायला गावानं जो शब्द वापरला तोच.) जक्कू नावाच्या उजाड वाळवंटी ग्रहावर ही पोरगी एकटी राहते. मोडलेल्या जहाजांच्या पोटात शिरून भंगार काढते, घासून साफ करते, मुकादमासारख्या एका माणसापुढं ठेवते, तो देईल तेवढ्या धान्यावर दिवस काढते. मिरज जंक्शनच्या बाहेर भंगार वेचणाऱ्या पोरी ज्यांनी बघितल्यात त्यांना ही पोरगी ओळखीची वाटावी. ती जहाज चालवते, चार भाषा समजते, आणि एक दिवस तिच्यात फोर्स जागा होतो.

आणि लगेच सगळ्यांचा एकच प्रश्न: ही कुणाची?

'भंगारवालीला हे जमलं कसं?' असं उघड कुणी म्हणत नाही. तेवढी सभ्यता सगळ्यांकडं असते. म्हणतात, ल्यूकची मुलगी असणार. नाहीतर ओबी-वॉनची नात. आपला एक जवळचा दोस्त, चांगला वाचणारा, 'जातिसंस्थेचं उच्चाटन' तोंडपाठ असलेला, मला रात्री साडेबाराला फोन करून सांगत होता, "आरं, लेयाचीच आसंल. तिच्या डोळ्यात बघ की, राजघराणं दिसतंय." मी म्हटलं, माझ्या डोळ्यात काय दिसतंय तुला? त्यानं फोन ठेवला.

२०१७ साली रियन जॉन्सन या दिग्दर्शकानं या प्रश्नाचं उत्तर दिलं. रे एका गुहेत जाते, आरशासारख्या भिंतीला म्हणते मला माझे आईबाप दाखव. भिंतीत दोन सावल्या येतात, त्यांची एक होते, आणि समोर तिचं तिलाच तोंड दिसतं. पुढं तिला स्पष्टच ऐकवलं जातं की तुझे आईबाप कुणीही नव्हते. भंगार विकणारे, दारूच्या पैशापायी पोटची पोर विकणारे, बेवारस पुरलेले. त्या रात्री मी उठून बसलो. पहिल्यांदा या लोकांनी कबूल केलं की शक्तीला घराणं लागत नाही. कुणाच्याही पोटी ती येते.

मग काय झालं? बोंबाबोंब झाली. जगभरच्या भक्तांना राग आला. कुणीच नाही म्हंजे काय? आमची फसवणूक झाली! राग बऱ्याच गोष्टींचा होता हे मान्य, पण त्यात हा एक मोठा होता. आणि २०१९ साली जे. जे. अब्राम्सनं शेवटचा चित्रपट काढून सगळं नीट करून दिलं. रे निघाली सम्राट पॅल्पटिनची नात. खलनायकाची का असेना, पण सम्राटाची! आईबापांनी दारूसाठी विकलं नव्हतं, तिला लपवायला त्याग केला होता. चार वर्षांचं सुतक फिटलं. शुद्धीकरण झालं. वंशावळ मिळाली.

मित्रांनो, हे शुद्धीकरण आपण कुठं बघितलंय?

कर्ण घ्या. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ ला आलं, तेव्हापासनं महाराष्ट्र कर्णासाठी रडतोय. सूतपुत्र म्हणून हिणवला गेला म्हणून रडतोय. पण तो खरा सूतपुत्र असता तर? अधिरथाच्या आणि राधेच्या पोटची पोरंही होती की, त्यांच्यासाठी कुणी डोळ्यातनं टिपूस काढलंय? कर्णाचं दुःख मोठं का, तर तो मुळात क्षत्रिय, चुकून खालच्या घरात वाढला. म्हणजे अन्याय जातीनं केला नाही, पत्ता चुकल्यामुळं झाला. पत्ता दुरुस्त केला की व्यवस्था निर्दोष. एकलव्य घ्या. महाभारतात तो निषादांच्या राजाचा, हिरण्यधनूचा पोरगा. पण निषादाच्या पोरानं अर्जुनाला मागं टाकावं हे पुढच्यांना पचेना, मग हरिवंशात त्याला वसुदेवाच्या भावाचा मुलगा करून टाकला, निषादांकडं नुसता वाढलेला. कबीर विणकराचा, तर दंतकथा काय, ब्राह्मण विधवेनं टाकलेलं मूल. रोहिदास चांभाराचा, तर दंतकथा काय, मागच्या जन्मी ब्राह्मण, कातडी चिरून आतलं सोन्याचं जानवं दाखवलं. साला, कातडीच्या आत जानवं! मिडिक्लोरियनचा शोध आपल्याकडं किती आधी लागलाय बघा. आणि आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, मराठी नाटक तिथनं सुरू झालं असं आपण अभिमानानं सांगतो. मीही सांगतो. पण स्वयंवरात धनुष्याला हात लावायच्या आधी कूळ सांगावं लागतं, तेवढं ध्यानात असू द्या.

यातला सगळ्यात हुशार किस्सा सत्यकाम जाबालाचा. पोरगा गुरूकडं जातो, गुरू गोत्र विचारतो. पोराला बाप माहीत नाही. आईनं जे सांगितलं ते तो जसंच्या तसं सांगतो, की मी अनेकांकडं राबले, तू कुणाचा मला ठाऊक नाही. गुरू खूष होऊन म्हणतो की एवढं खरं ब्राह्मणाशिवाय कोण बोलणार, आण समिधा. हा किस्सा उदारपणाचा नमुना म्हणून शाळेत सांगतात. उदारपणा? खरं बोलणं हीच ज्या जातीची मक्तेदारी ठरवली गेली, त्या जातीत पोराला भरती केला. आई जिथं होती तिथंच राबत राहिली.

आता याच्याशेजारी आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट ठेवतो. १९०१ च्या सुमाराची. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला नाव घातलेला, रजिस्टरात १९१४ नंबरला असलेला भिवा, वय नऊएक वर्षं. वडील रामजी सुभेदार दुष्काळी कामाच्या तळ्यावर खजिनदार. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाकडं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनला उतरली. बापाला पत्र पोचलंच नव्हतं, न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आला. कपडे बघून त्याला वाटलं, ब्राह्मणाची पोरं. विचारलं, कोण तुम्ही? आणि भिवानं खरं सांगितलं. महार.

जाबालाच्या पोरानं खरं सांगितलं आणि तो ब्राह्मण ठरला. मसूरच्या फलाटावर आपल्या पोरानं खरं सांगितलं आणि मास्तरचा चेहरा उतरला, तो पाठ फिरवून आत गेला. एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः बैल हाकले, गाडीवान शेजारनं पायी. रात्री तहान लागली तेव्हा जकातनाक्यावर भिवानं मुसलमान असल्याचं सांगून बघितलं, तरी पाणी नाही. खरं सांगून गाडी नाही, खोटं सांगून पाणी नाही. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं. वाचलं नसेल तर आधी ते वाचा, 'स्टार वॉर्स' कुठं पळून जात नाही.

'कोण तुम्ही?' या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यांत असा इतिहास आहे. म्हणून रेचा बाप कोण हा खेळ मला खेळ वाटत नाही.

आजही विचारतात. मी सांगलीत खोली शोधत होतो तेव्हा एका घरमालकानं आधी नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" सांगितलं. आडनाव गावाचं असल्यानं त्याला अंदाज येईना. "गावात कुठल्या बाजूला घर?" म्हटलं, काका, खोलीला पाणी किती वाजता येतं? ते बाजूलाच राहिलं. "तुमच्याकडं देव कुठला?" तेव्हा सांगितलं. मग त्यांना आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवलीय. २०१९ च्या चित्रपटाच्या शेवटी अगदी हाच प्रसंग आहे. वाळवंटातनं एक म्हातारी येते, पोरीला विचारते कोण तू? पोरगी म्हणते, रे. म्हातारी म्हणते, रे कोण? एवढी लढाई झाली, साम्राज्य पडलं, तरी म्हातारीला आडनाव पाहिजेच! आणि पोरगी काय करते, 'स्कायवॉकर' असं दुसऱ्याचं, वजनदार आडनाव लावून मोकळी होते. थेटरात टाळ्या पडल्या म्हणे. खोली मिळाली असती तिला.

जे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत ते मी विचारतो.

फिन कुणाचा? त्याच २०१५ च्या चित्रपटातला काळा पोरगा. लहानपणी घरातनं उचलून नेलेला, शिपाई बनवलेला, नावाच्या जागी नुसता नंबर, एफएन-२१८७. गावावर गोळ्या घालायचा हुकूम येतो तेव्हा तो नाही म्हणतो. सगळ्या मालिकेत याहून मोठं काम कुणी केलं असेल तर दाखवा. तर फिनचे आईबाप कोण? त्याला कुठल्या गावातनं उचलला? त्याची आई अजून वाट बघतेय का? चार वर्षं रेच्या आज्याचे कागद शोधणाऱ्यांपैकी किती जणांनी हे विचारलं? शेवटच्या चित्रपटात फिन वाळूत बुडताना रेला काहीतरी सांगायला लागतो, ते सांगणं चित्रपट संपेपर्यंत राहूनच जातं. जॉन बोयेगा, त्याचं काम करणारा नट, २०२० साली उघडपणे बोलला की आम्हाला जाहिरातीत पुढं ठेवता आणि गोष्टीत बाजूला सारता. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्या पक्षाला लागू पडत नाही सांगा. आणि रोझ? यंत्रं दुरुस्त करणारी पोरगी. केली मॅरी ट्रान या नटीला लोकांनी इतकी घाण शिवीगाळ केली की २०१८ ला तिनं आपलं इन्स्टाग्राम पुसून टाकलं. पुढच्या चित्रपटात रोझ जेमतेम दिसते.

श्मीला सोडवायला कुणी गेलं का नाही? श्मी म्हणजे अनाकिनची आई, गुलाम. जेडाय येतो, पोराच्या रक्तात वीस हजार बघतो, पैज लावतो. मालक म्हणतो दोघांना नाही, एकालाच डावावर लावतो. फासा पडतो, तोही जेडायनं शक्ती लावून फिरवलेला, आणि पोरगा सुटतो. आई राहते. जेडायांकडं मंदिर होतं, जहाजं होती, दरबारात वजन होतं. दहा वर्षांत एकालाही वाटलं नाही की जाऊन त्या बाईची किंमत मोजावी. शेवटी एका शेतकऱ्यानं तिला विकत घेऊन मुक्त केलं आणि लग्न केलं. पोरगा परत जातो तेव्हा ती त्याच्या मांडीवर मरते. मग सगळे विचारतात की अनाकिन एवढा रागीट का झाला, त्याच्यात अंधार कुठनं आला. गुणी पोरगा तेवढा वर काढायचा आणि वस्ती तिथंच ठेवायची, याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही. आपल्यातला एखादा वर गेला की त्याच्या आईला भेटायला कोण जातं तेवढं बघत जा.

यंत्रमाणसांचं एकच सांगतो. पहिल्याच चित्रपटात गुत्त्याचा मालक ल्यूकला ओरडतो, हे आत नको, बाहेर ठेव. नायक काय करतो? मुकाट्यानं बाहेर पाठवतो. तीच यंत्रमाणसं नंतर त्याचा जीव वाचवतात. साताऱ्या-सांगलीच्या हॉटेलात फळीवर पालथे ठेवलेले आपले वेगळे कप ज्यांच्या बापांनी विसळलेत, त्यांनी त्या प्रसंगाला हसू नये.

आता तुम्ही म्हणाल, पोराटोरांचा सिनेमा हाय, एवढं काय त्यात? मग जोतीरावांना जाऊन सांगा. खटाव तालुक्यातल्या कटगुणचं मूळ असलेल्या या माणसानं १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती काय करत होती? पुराणातल्या पात्रांना अडचणीचे प्रश्नच विचारत होती. ब्रह्माच्या तोंडातनं ब्राह्मण जन्मला म्हणता, तर मग विटाळाचे चार दिवस तो कुठं बसायचा? परशुराम चिरंजीव म्हणता ना, मग ही घ्या नोटीस, मुदतीत हजर व्हा! आणि पुस्तक अर्पण कुणाला, तर गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांचं 'रिडल्स' शासनानं १९८७ ला छापलं तेव्हा राम-कृष्णाच्या परिशिष्टावरनं केवढा गदारोळ झाला. नुसते प्रश्न होते ते, पात्रांबद्दलचे. त्या प्रश्नांच्या रक्षणाला १९८८ ला आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. सातारा-सांगलीहूनही एसट्या भरून गेलेली माणसं आजही भेटतात. तेव्हा गोष्टीतल्या पात्राला प्रश्न विचारणं हे आपलं घरचं काम आहे. ते नीट करा एवढंच म्हणतोय. जोतीरावांनी वंश विचारला तो मिरवणाऱ्याला विचारला. भंगार वेचणाऱ्या पोरीला नाही.

आणि आता जरा आतलं बोलतो. राग आला तर येऊ द्या.

रेला आजा लागतो तसा आपल्यालाही लागायला लागलाय. जयंतीच्या स्टेजवर बघा. आम्ही नागवंशी. आम्ही मूळचे राजे. आम्ही कळंबीच्या सिदनाकाचे वारस. सिदनाक मिरजेजवळचा, खर्ड्याच्या लढाईत १७९५ ला लढला, त्याचा पराक्रम मला कुणी सांगायची गरज नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभाला बाबासाहेब स्वतः १ जानेवारी १९२७ ला गेले होते. इतिहास पाहिजेच, तो आपल्याकडनं हिसकावला गेलाय. पण सिदनाक आपला म्हणणं वेगळं आणि सिदनाकाच्या रक्तामुळं मी कुणीतरी आहे म्हणणं वेगळं. सगळ्यांचे आजे सरदार नव्हते. माझा आजा मेलेली ढोरं ओढायचा, येसकराची भाकरी मागायचा, आणि दारूही प्यायचा. लढाई बघितली नाही त्यानं कधी. मग माझा हक्क कमी झाला का? महाडला १९२७ ला तळ्यावर जी माणसं गेली त्यांच्याकडं कुणी वंशावळ मागितली नव्हती. माणूस आहे, तहान आहे, एवढ्यावर ती गेली.

वाटेगावच्या अण्णा भाऊंचंही तेच करून ठेवलंय. दीड दिवस शाळा शिकलेला माणूस एवढं लिहून गेला, म्हणजे दैवी देणगीच! देणगी कसली? मुंबईची गिरणी, चाळ, लाल बावटा, कामगारांच्या सभा, तमाशाचा फड, तिथं शिकला तो. ते सांगायला नको म्हणून फोर्स म्हणायचं. परवा आपल्याच दोन बौद्ध घरांत लग्नाची बोलणी चालली होती, पोरगा इंजिनियर, पोरगी नर्स, दोघं एकमेकांना पसंत. तिथं एका मामांनी हळूच पोटजात विचारली. बुद्धवंदना होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. मातंग वस्तीत सोयरीक करायचा विषय काढला तर काय होईल ते तर विचारूच नका. त्या मामांनी 'स्टार वॉर्स' बघितलेला नाही. बघितला असता तर त्यांनाही २०१९ चाच आवडला असता.

तर तुमच्यासाठी माझ्याकडं एकच उरलेला प्रश्न आहे. २०१७ च्या चित्रपटाचा शेवट परत लावून बघा. श्रीमंतांच्या शर्यतीच्या जनावरांचा तबेला. तिथं राबणारी बारकी पोरं रात्री एकमेकांना ल्यूकची गोष्ट सांगताहेत. मालक खेकसतो. एक पोरगा बाहेर येतो, झाडू घ्यायला हात पुढं करतो, आणि झाडू भिंतीवरनं आपणहून त्याच्या हातात येतो. तो थोडं झाडतो, मग थांबून आभाळाकडं बघतो. त्याचे आईबाप कोण हे चित्रपट सांगत नाही. शक्ती आली तीही झाडूच्या वाटेनं आली, हे मला त्या दिवशी टोचलं, अजून टोचतंय. पुढच्या चित्रपटात तो पोरगा कुठंही नाही. तबेल्यातनं तो बाहेर पडला का, हातातला झाडू त्यानं टाकला का, टाकला तर मालकानं काय केलं, यावर कुणी लिहिणार असेल तर पुढच्या अंकात पानं ठेवतो. रेच्या आज्यावरचे लेख कृपया पाठवू नयेत, कागद महाग आहे.